नवरा कड्यावर, मी पायथ्याला! नाशिककर जोडप्यांनो, जरा मार्ग सांगा

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. लग्नाला वर्ष होत आलं. दोघंही नोकरीवाले, तो अंबडला कंपनीत, मी कॉलेज रोडला एका सीएच्या ऑफिसात, घरी सासूसासरे. लग्नानंतर रीतीप्रमाणे वणीला जाऊन आलो, त्र्यंबकला जाऊन आलो, केरळला हनिमून झाला, हाऊसबोटीत बसून केळ्याचे वेफर्स खाल्ले आणि परत आल्यावर ह्या माणसाने फ्रिजवर यादी चिकटवली. हरिहर. सांदण दरी. तारकर्लीला स्कूबा. कोलाडला राफ्टिंग. हिमाचलात बीर बिलिंगला पॅराग्लायडिंग. आणि सगळ्यात खाली लाल पेनाने लडाख, ते पण दोघं एकाच बाईकवर.

तो कॉलेजपासून डोंगरात फिरणारा आहे, त्याचं ठीक आहे. मला उंचीची भीती आहे. म्हणजे गच्चीत कपडे वाळत घालताना काही होत नाही पण कड्याशी उभं राहून खाली बघितलं की गुडघ्यातला जीवच जातो, पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना सगळे नाशिक बघतात आणि मी पुढच्याची चप्पल बघते. पण मला घरी पण बसायचं नाहीये हो. त्याच्या ग्रुपमधल्या मुली गडावरून फोटो टाकतात आणि मी सोफ्यावर बसून लाइक करते, राग येतो स्वतःचाच. तू एकटा जा म्हटलं तर तोंड पाडून बसतो, मग लग्न कशाला केलं म्हणे. आणि सासूबाई स्वयंपाकघरातून, आधी नातवंडं द्या मग काय उड्या मारायच्यात त्या मारा.

तर सुरुवात कुठून करू, ह्यातलं काय खरंच धोक्याचं आहे आणि काय नुसतं दिसायला भयंकर आहे, नेणारे लोक बरे की फसवे हे कसं ओळखायचं, आणि ऐनवेळी आज नको हे नवऱ्याला कसं सांगायचं? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

पक्या_पंचवटी:
नाशकात राहता आणि साहस शोधताय? संध्याकाळी सात वाजता बायकोला मागे बसवून द्वारका चौकातून उजवीकडे वळून दाखवा म्हणावं. लडाखला परमिट मिळेल लगेच.
(जागा धरून ठेवतो, धागा शंभरी मारणार)

सातपूरकर:
ताई, यादी उलटी करायला सांगा. हरिहर पहिला नाही, हरिहर चौथा-पाचवा. आधी रामशेज करा, दिंडोरीच्या वाटेवर, सकाळी गेलं तर जेवायला घरी. १६८२ पासून पुढे कितीतरी काळ मुघल फौजेला दाद न देणारा गड आहे आणि चढायला मात्र तुमच्याआमच्यासारख्यांना सोपा, कडा बघायची सवय होते. मग अंजनेरी. तिथे रस्त्यावरूनच दोन सुळके दिसतात, नाव काय माहितीये, नवरा-नवरी! तुमच्यासाठीच उभे आहेत, फोटो काढा आणि फ्रिजवर यादीशेजारी लावा. पावसाळ्यात गेलात तर वर पायाखाली नीट बघा, तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं फूल येतं, ह्याच भागात सापडणारं, लोक गवत समजून तुडवतात. आणि मान वर केली तर गिधाडं.

मग कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक पण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, हाताला कठडा आहे. भीती असलेल्या माणसाला शिडी फार उपयोगी पडते कारण धरायला काहीतरी असतं. बारी गावातून जा, नवरात्रात जाऊ नका, देवीला इतकी गर्दी असते की शिडीवर रांग लागते.

कातळकडा:
सातपूरकरांच्या क्रमाला अनुमोदन. मी थोडं वेगळ्या बाजूने लिहितो, मोठं होईल.

धागाकर्तीने विचारलंय की धोक्याचं काय आणि दिसायला भयंकर काय. मी माझ्याबरोबर येणाऱ्या नवीन जोडप्यांना एकच विचारतो, परत फिरायची शेवटची जागा कुठे आहे? ती माहीत असली की निम्मी भांडणं होतच नाहीत. उदाहरणार्थ हरिहर. निरगुडपाड्याकडून चढलात की झाडीतून, मग सोंडेवरून बऱ्यापैकी साधी चाल आहे आणि एकदम पठारावर येऊन तो जिना समोर उभा राहतो. लोक ऐंशी अंश सांगतात, मी कोनमापक लावलेलं नाही पण खालून बघितलं की भिंतच वाटते. ही झाली परत फिरायची जागा. इथे अर्धा तास बसा, पाणी प्या, चढणारे-उतरणारे बघा आणि इथे ठरवा. जिन्याच्या मध्यावर नको म्हणायची सोय नाही, कारण मागे माणसं असतात आणि उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड आहे.

आता जिना प्रत्यक्षात कसा आहे ते सांगतो म्हणजे घाबरायचं ते नेमकं घाबराल. पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना पंजा बसेल अशी खोबण आहे, बोटं आत घातली की घट्ट पकड मिळते. कितीतरी पिढ्यांचे हात लागून त्या कडा गुळगुळीत झाल्यात. चढताना पुढच्याच्या टाचेकडे नाही, पुढच्या खोबणीकडे बघायचं. वर दरवाजा लागतो, तिथून कातळाच्या पोटातून एक आडवी वाट आहे, डोक्यावर दगड आणि एका हाताला दरी, तिथे मोठी सॅक असली तर ती दगडाला घासून माणसाला बाहेर ढकलते, म्हणून पाठीवर लहान पिशवीच ठेवा. मग पुन्हा पायऱ्या. उतरताना तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं, आणि नवऱ्याने खाली, बायकोच्या दोन पायऱ्या खाली, उगाच वरून सूचना देत नाही बसायचं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी ह्या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने हा जिना बघितला आणि तो राहू दिला असं सांगतात. त्याने जे वाचवलं ते आपण रविवारी बुजवतोय. पावसाळ्यातल्या सुटीला ह्या जिन्यावर वर जाणाऱ्यांची आणि खाली येणाऱ्यांची समोरासमोर गाठ पडते, शेवाळलेल्या ओल्या पायरीवर एका हाताने मोबाईल धरलेला. माझ्या डोळ्यासमोर एक मुलगी मध्येच थिजली होती, ना वर ना खाली, आणि तिचा तो वरून ओरडत होता अगं काही नाही होत, ये, ये. शेवटी खालच्या एका गावकरी पोराने तिचा पाय हातात धरून एकेका पायरीवर ठेवला. तो पोरगा काहीच बोलत नव्हता, फक्त 'डावा', 'आता उजवा'. दहा मिनिटांत खाली.

तर डिसेंबरनंतर, कोरड्यात, मधल्या वारी, सकाळी लवकर. आत्ता सप्टेंबरात नाही.

गोदाकाठची:
बापरे कातळकडा, वाचतानाच तळहाताला घाम आला पण खोबणीचं वाचून बरं वाटलं, व्हिडिओत ते कधी दिसतच नाही, ड्रोनने सगळं वरून घेतलेलं असतं. परत फिरायची जागा हे मी आज त्याला विचारणार आहे, यादीतल्या प्रत्येकासमोर लिहून दे म्हणून.

रात्रपाळी:
वेगळं मत मांडतो, दगड मारू नका. सगळं दोघांनी मिळूनच का करायचं? आमच्या घरी बायको अलंग-मदन-कुलंग ह्या गडांवर जाते, दोर वगैरे बांधून, मी एकदाही गेलेलो नाही आणि जाणारही नाही. मी सायकल चालवतो. तिला सायकलवर झोप येते. ती रविवारी परत आली की मी गरम पाणी आणि खिचडी तयार ठेवतो आणि ती मला कुलंगचं वर्णन ऐकवते, मला घरबसल्या गड होतो. नाशिकमध्ये सायकलला तर तोटा नाही, ज्या गावातले महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, जवळजवळ ४८०० किलोमीटर, त्या गावात सायकलवाल्याला कोणी वेडा म्हणत नाही, पंढरपूरची सायकल वारी पण निघते.

मुद्दा इतकाच की मग लग्न कशाला केलं हा प्रश्न चुकीचा आहे. लग्न केलं म्हणून भीतीही एकसारखी व्हायला पाहिजे का?

निळावंती:
रात्रपाळी, पटलं पण पूर्ण नाही पटलं. वेगळंवेगळं करायला हरकत नाही पण एखादी तरी गोष्ट अशी असावी जी दोघांनाही नवीन आहे. नाहीतर एक जण कायम मास्तर आणि दुसरा कायम विद्यार्थी, आणि घरात मास्तर कोणालाच नको असतो. म्हणून आम्ही स्कूबा केलं, दोघंही अडाणी.

तारकर्ली-मालवणचं सांगते. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर पूर्ण वेळ एक इन्स्ट्रक्टर असतो, तोच तुम्हाला धरून नेतो. तोंडाने श्वास घ्यायची सवय आधी किनाऱ्याजवळ किंवा टाकीत करून घेतात. एमटीडीसीचं स्कूबा शिकवणारं केंद्र तारकर्लीला आहे, तिथे ही तयारी नीट होते असा माझा अनुभव. नियम मुख्य दोनच, एक म्हणजे खाली जाताना कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, दुखायला लागायच्या आधी. दुसरा म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. सर्दी असेल तर सरळ रद्द करा, कान मोकळे होत नाहीत. पावसाळ्यात बंद असतं, पाणीही गढूळ.

आणि आता आमची गंमत. खाली हाताच्या खुणांनी बोलायचं असतं. सगळं ठीक म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ मला वर न्या. आमच्या ह्यांना किनाऱ्यावर सगळं नीट सांगितलं होतं, मान पण डोलावली. खाली गेल्यावर इतके खूश झाले, पिवळ्या माशांचा थवाच समोरून गेला, की इन्स्ट्रक्टरने कसं आहे विचारलं की दणकून अंगठा वर. तो बिचारा लगेच वर घेऊन यायचा. वर आल्यावर हे, काय झालं भाऊ? परत खाली, परत मासा, परत अंगठा. मी खाली एकटी शांतपणे माझ्या इन्स्ट्रक्टरबरोबर फिरत होते आणि माझ्या शेजारी माझा नवरा लिफ्टसारखा वरखाली चाललेला.

कातळकडांच्या भाषेत सांगायचं तर इथे परत फिरायची जागा कुठेही आहे, अंगठा वर केला की झालं. म्हणून उंचीची भीती असणाऱ्याला पण हे जमू शकतं.

अजून एक, विमानाने परतणार असाल तर डाइव्हनंतर लगेच उडायचं नाही, एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या तर १८. नाशिकहून गाडीनेच जाल तर हा प्रश्न नाही, पण वाटेत आंबोलीला वगैरे उंचावर लगेच जाऊ नका, विचारून घ्या.

गोदाकाठची:
निळावंती, हसून हसून डोळ्यात पाणी, ऑफिसात सगळे बघायला लागले.

आता एक सांगते जे मी धाग्यात लिहिलंच नव्हतं कारण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला उत्तम पोहता येतं. शाळेत असल्यापासून त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर जायचे, खोल बाजूने उडी मारायचे. काल रात्री मी त्याला यादी घेऊन बसवलं आणि म्हटलं प्रत्येकासमोर परत फिरायची जागा लिही. हरिहर, सांदण, बीर सगळं फटाफट लिहिलं. स्कूबापाशी पेन थांबलं. म्हणे हे नंतर बघू. मी म्हटलं का? तर म्हणे काही नाही. खूप खोदल्यावर कळलं, साहेबांना पोहता येत नाही! लहानपणी मामाच्या विहिरीत कोणीतरी ढकललं होतं तेव्हापासून पाण्याला हात लावत नाहीत. कोलाड आणि तारकर्ली यादीत का टाकलं तर ग्रुपमधल्या मित्रांनी केलंय म्हणून. मला इतका आनंद झाला की काय सांगू, दुष्टासारखा.

पक्या_पंचवटी:
फ्रिजवरच्या यादीची सीबीआय चौकशी झाली पाहिजे.

चार_आणे:
मी पैशाचं आणि कागदाचं लिहितो, कोणालाच आवडत नाही पण कोणीतरी लिहायला हवं.

नेणाऱ्यांबद्दल. महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, जमीन, पाणी, हवा तिन्ही प्रकार त्यात आहेत, आणि आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पहिला प्रश्न हाच, नोंदणी आहे का, दाखवा. चिडला तर पुढचा बघायचा. दुसरा प्रश्न, किती लोकांमागे किती लीडर आणि प्रथमोपचार कोणाला येतो. तिसरा, पाऊस आला, वारा फिरला तर पैसे परत की तारीख बदलून. जो म्हणतो काही होत नाही, आम्ही रोज करतो, तिथून निघा. जो म्हणतो वारा नसला तर दोन दिवस बसून राहावं लागेल, तो तुमचा माणूस.

आम्ही एका ठिकाणी, नाव नाही लिहीत, पॅराग्लायडिंगला आगाऊ पैसे भरून गेलो. बायकोला दिलेलं हेल्मेट डोक्यावर फिरत होतं, पट्टा बंद होईना, तो म्हणे हाताने धरा, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. आम्ही तिथूनच परत. आगाऊ गेले ते गेले. पुढच्या वर्षी कामशेतला केलं, तिथे आधी दोघांचं वजन केलं, पायलटने धावायचं कसं ते जमिनीवर चारदा करून घेतलं, मग वाऱ्याची वाट बघत दोन तास नुसते बसलो, आणि ते दोन तास बघून माझा विश्वास बसला. टँडममध्ये, म्हणजे पायलटबरोबर जोडीने उडताना, पळायचं तेवढं आपलं काम असतं, मध्येच बसलात तर दोघंही आपटता. म्हणजे परत फिरायची जागा धावायला लागायच्या आधी, त्यानंतर नाही.

बीर बिलिंगचं म्हणाल तर बिलिंगहून उडायचं, साधारण २४०० मीटरवरून, आणि खाली बीरला उतरायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंद असतं. पहिल्याच उड्डाणाला तिथे जाऊ नका, आधी कामशेतला करून बघा, नाशिकहून जवळ आहे, जमलं नाही तर विमानाचं भाडं तरी वाया जात नाही.

विमा. आरोग्य विम्याच्या नेहमीच्या अपवादांत साहसी खेळ असतात, पण ती ओळ नीट वाचा, तिथे 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला तर असं असतं. हौशी माणसाला लगेच नाही म्हणता येत नाही, तरी आपल्या पॉलिसीचा कागद काढून बघा आणि ईमेलवर लेखी विचारून ठेवा. अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असतात, तोही काढा. आणि सही करायच्या फॉर्मवर दमा, बीपी, फिट येणं, जुनं ऑपरेशन जे असेल ते खरं लिहा. तिथे लपवून कोणाला फसवतोय आपण.

ओझरच्या_काकू:
मुलींनो, सासूबाईंच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहिते, मी पण आता सासू आहे.

आम्ही दोघं लग्नानंतर लगेच युथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकला गेलो होतो, तेव्हा आमच्या आळीत बायका म्हणायच्या हिला घरात काही काम नाही का. माझ्या सासूबाईंना हे लोक डोंगरात काय करतात तेच कळत नव्हतं, त्यांना वाटायचं आम्ही उपाशी राहतो. मग आम्ही त्यांना घेऊन सप्तशृंगीला गेलो, तेव्हा ट्रॉली नव्हती, सगळ्या पायऱ्या आमच्या पुढे चढल्या आणि वर जाऊन मलाच म्हणाल्या दमलीस का गं? त्या दिवसापासून विरोध संपला. आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तुमच्या सासूबाईंना तीत बसवा, त्या पण जरा लटकून बघू देत.

पण नातवंडांची गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. बाळ हवं की नको, कधी, हे तुमचं दोघांचं. पण प्रयत्न चालू असतील तर पाळी चुकल्याची शंका असताना स्कूबा अजिबात करायचं नाही, गरोदरपणात ते वर्ज्य आहे, फॉर्मवर पण विचारतात. पॅराग्लायडिंग, राफ्टिंगचंही तेच. लडाखची उंची वेगळी, लेहच ३५०० मीटरच्या आसपास आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि गरोदर नसलात तरी लेहला विमानाने उतरलात की पहिले दोन दिवस नुसतं खोलीत लोळायचं, खारदुंग खिंडीकडे पहिल्याच दिवशी निघायचं नाही, मग नवरा किती का वीर असेना. उंचीचा त्रास तरण्या आणि तगड्या माणसालाही होतो.

अगं आणि यादीचा हट्ट करतो तो वाईट नसतो, पण हट्टाला वेळ लावून द्यायची. ह्या वर्षी एक, पुढच्या वर्षी एक. यादी संपली की नवरे भलतंच काहीतरी आणतात.

सातपूरकर:
काकू __/\__ 

दोन गोष्टी राहिल्या. सांदण दरी, साम्रद गावातून. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय नाही, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आहेत आणि पाणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नाही. हिवाळ्यातही मध्ये पाण्याचे डोह लागतात, काही ठिकाणी मांडीपर्यंत, कधी कमरेपर्यंत, बर्फासारखं गार. इथे दोन प्रकार आहेत हे आयोजक नीट सांगत नाहीत. नुसतं दरीत जाऊन परत यायचं असेल तर कुठूनही मागे फिरता येतं. पण दोराने खाली उतरून कोकणाच्या बाजूला निघायचं असेल तर पहिला टप्पा उतरलात आणि दोर ओढून घेतला की वर यायचं विसरा, सगळं पूर्ण करूनच बाहेर. बुकिंग करताना कुठला प्रकार आहे ते विचारा.

दुसरं धबधबे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीला पाणी एकदम वाढलं आणि पलीकडे गेलेले लोक अडकले, अंधारात बाहेर काढावे लागले. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडत असतो. ओढा ओलांडून पलीकडे फोटो काढायचा मोह असेल तर आधी पाण्याचा रंग बघा, गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की सगळं टाकून अलीकडे या. साहस करायला लागणारी तयारी लोक विचारतात, आणि रीलसाठी निसरड्या दगडावर उभं राहायला कोणालाच काही विचारावंसं वाटत नाही.

रात्रपाळी:
कोलाडचं कोणीतरी लिहा की, पोहता न येणाऱ्या नवऱ्यांसाठी.

निळावंती:
लिहिते. कोलाडला कुंडलिका नदी, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं म्हणून सकाळी लवकर हजर राहावं लागतं, पाणी आलं की बोटी सुटतात, उशिरा पोचलात तर नदी बघून परत. लाटा मध्यम आहेत, पोहता न येणाऱ्यांना पण नेतात, लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र गाइडकडून ओढून घ्या, खांद्याला धरून वर उचललं तर जॅकेट वर सरकायला नको. पडलात तर पाय पुढे वर ठेवून पाठीवर तरंगायचं, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो. मधल्या शांत टप्प्यात लोकांना मुद्दाम पाण्यात उतरवतात, तिथे नाही म्हणता येतं, कोणी हसत नाही.

फ्रिजवाला:
नमस्कार. मीच तो. बायकोने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, वाच आणि तोंड पाडू नकोस.

पहिल्यांदा राग आला हे खरं, विहिरीची गोष्ट माझ्या मित्रांना पण माहीत नव्हती, आता अख्ख्या नाशिकला माहीत झाली. पण कातळकडा सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी हरिहर बऱ्याचदा केलाय आणि त्या मुलीच्या नवऱ्यासारखं वरून ये ये म्हणणारे खूप बघितलेत. हिला नेलं असतं तर मीही तेच केलं असतं बहुतेक.

चार_आणे, पॉलिसी काढली, तुम्ही म्हणता ती ओळ सापडली, अपघात विम्याचं विचारलंय.

पोहायला नाव घातलंय. सकाळची बॅच आहे, माझ्या बाजूला तिसरीतली पोरं सपासप जातात आणि मी दांडीला धरून पाय मारतोय. ही काठावर बसून बघते. काल म्हणे, श्वास सोड, श्वास सोड, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढ. मी म्हटलं तू मास्तर नको होऊस. तर म्हणे निळावंती ताईंनी लिहिलंय ते मी पण वाचलंय, म्हणून एकदाच सांगितलं.

कातळकडा:
स्वागत आहे. दांडी सोडायची घाई करू नका.

गोदाकाठची:
तर सध्याचं ठरलंय ते लिहिते, म्हणजे पुढे कोणी धागा शोधत आलं तर उपयोग होईल. यादी पुसून परत लिहिली. दसऱ्यानंतर रामशेज, मग अंजनेरी, सासूबाई म्हणाल्या अंजनेरीला मी पण येते, हनुमानाचं जन्मस्थान आहे, तुम्ही एकटेच काय जाताय. त्यामुळे तिथे आता आम्ही चौघं. कळसूबाई थंडीत. हरिहर त्यानंतर, पठारापर्यंत नक्की, पुढचं तिथे बसून ठरवणार, आणि त्याने लिहून दिलंय की तिथे मी नको म्हटलं तर एकदाही का विचारणार नाही. कागद फ्रिजवर आहे. स्कूबा त्याची दांडी सुटल्यावर. लडाख लाल पेनाने अजून तिथेच आहे पण 'एकाच बाईकवर' खोडलं, मी स्कूटी चालवते, मला माझी बाईक लागेल, आधी गिअरची गाडी शिकते.

एक प्रश्न राहिला, अंजनेरीला सासूसासऱ्यांना घेऊन जायचं तर गाडी कुठपर्यंत जाते?

सातपूरकर:
वर अर्ध्या वाटेपर्यंत कच्चा-पक्का रस्ता आहे पण वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या, कधी खालीच थांबवतात. तिथून पायऱ्या. मोठ्या माणसांना मंदिरापर्यंत सावकाश जमतं, सकाळी सातच्या आत चढायला लागा. काठ्या घ्या, गुडघ्यासाठी पण आणि माकडांसाठी पण, हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात.

ओझरच्या_काकू:
चौघं कशाला, गाडीत पाचवी जागा असेल तर मला निरोप करा. पुऱ्या मी आणते.